चौथ्या चाकाचा आऊट

गाडी कुठवर आली असं कुणी विचारलं, की सोमनाथ दहिहंडे नऊ वर्षं एकच उत्तर देत आला होता: "झालीच, आता थोडंच राहिलंय." तेवढ्या काळात त्याच्या लेकीचं, अपेक्षाचं, शिक्षण झालं, लग्न झालं, पुण्यात संसार थाटून झाला, पण गाडीचं थोडंच राहिलेलं काही संपेना. करमाडजवळ जालना रोडच्या आत त्याच्या वाटणीचा शेताचा जो तुकडा उरला होता, त्यावरच्या पत्र्याच्या शेडात ती उभी होती. साठ-पासष्ट वर्षांपूर्वीची विलायती धाटणीची, उघड्या टपाची, दोनच माणसं कशीबशी मावतील अशी बुटकी गाडी. खरी नव्हे, नक्कल. चासीचे चौकोनी पाइप घरीच वेल्ड केलेले, इंजिन भंगारातल्या एका म्हाताऱ्या गाडीचं, आणि वरचं अंग फायबरचं. रस्त्यावर न्यायला तिला कागद नव्हते आणि मिळणारही नव्हते. शेतरस्त्यानं फाट्यापर्यंत जायचं, तिथून वळायचं, आणि जानेवारीत शहरातल्या हौशी मंडळींचा जुन्या गाड्यांचा मेळावा भरतो तिथं टेम्पोत घालून न्यायची, एवढंच तिच्या नशिबात होतं. पण हौसेला कारण विचारू नये. चतुराबाईंनी, म्हणजे सोमनाथच्या बायकोनं, पहिल्या वर्षी विचारलं होतं. नंतर त्याही गप्प झाल्या.

गाडी दोघांची होती. दुसरा बुद्धभूषण खरात. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात, जिथं साचे घडवतात त्या टूलरूममध्ये, दोघांनी सव्वीस वर्षं बरोबर काढली. भूषण फिटर होता आणि सोमनाथ तपासनीस. भूषण पीस घासून, बसवून तयार करायचा. सोमनाथ त्याला डायल, म्हणजे मिलिमीटरचे अंश दाखवणारं काट्याचं मापक, लावायचा. काटा किती हलतो त्यावर पीस पास की नापास ते ठरायचं. नापास झाला तर लाल टॅग. टॅगच्या मागं ज्यानं पीस बनवला त्यानं सही करायची आणि त्याच दिवशी आपल्या हातानं तो कापून टाकायचा, म्हणजे चुकून कुणी वापरायला नको. हा कापायचा नियम सोमनाथनंच आणला होता. निवृत्तीच्या सत्काराच्या भाषणात मॅनेजरनं त्याचा उल्लेख केला, तेव्हा या गृहस्थाचा ऊर चांगला वीतभर फुगला होता.

दोघंही एकाच वर्षी निवृत्त झाले आणि त्याच दिवाळीत शेडात चासीचा पहिला पाइप कापला. भूषण दर रविवारी भावसिंगपुऱ्याहून मोपेडवर यायचा, शेड उघडायचा, चहाचं आधण ठेवायचा आणि कामाला लागायचा. सोमनाथ आंघोळ उरकून पोहोचेपर्यंत भूषणचं तासाभराचं काम झालेलं असे. कुणी कुणाला या म्हणायचं नाही, कुणी जातो म्हणून सांगायचं नाही.

सगळं सुरळीत चाललं, ते चाकांपाशी येऊन अडलं.

पर्याय तीन होते. एक, पत्र्याची साधी चाकं, वर चकचकीत वाटी. दोन, अलॉय. तीन, तारांची. अपेक्षा पुण्याहून रोज एक फोटो धाडायची, सगळे अलॉयचे. सोमनाथलाही अलॉय आवडायची. एकसंध ओतीव वस्तू, मोजायला सोपी, बसवायला सोपी. भूषणनं मात्र पहिल्या दिवशीच शेडाच्या भिंतीवरच्या चित्राकडं बोट दाखवलं होतं. कारखान्याच्या जुन्या साहेबानं दिलेल्या मासिकातलं ते पान, अस्सल गाडीचं.

"बघ की. तारांतून पलीकडचं गवत दिसतंय. या गाडीला दुसरी चाकं घालशील तर ती दुसरीच गाडी होईल, सोमा."

"आरं, पण मिळणार कुठं? विलायतेहून आणायची का?"

"मी बांधतो."

ही काही बढाई नव्हती. भूषणच्या वडिलांचं, फकिरा खरातांचं, शहागंजात सायकलचं दुकान होतं. दहा वर्षांचा असल्यापासून भूषण तिथं बसून चाकांचा आऊट, म्हणजे वेडंवाकडं फिरणं, काढायचा. "चच्चा, पहिया नाच रा," म्हणत गिऱ्हाईक वडिलांपुढं सायकल टेकवायचं. भूषण चाक उलटं टांगून फिरवायचा, कडेला खडू धरायचा, खडू जिथं लागेल तिथली तार सैल, समोरची कस. चाक नाचायचं थांबलं की झालं. डाव्या हाताच्या बोटांनी तार छेडून तो तिचा ताण बोटांत जोखायचा आणि कानानं ऐकायचा. पुढं कारखान्यात लागला, पण बोटं आणि कान तसेच राहिले.

"सायकलची गोष्ट निराळी," सोमनाथ म्हणाला. "एखादी तार तुटली म्हणजे?"

"एका चाकाला बहात्तर हायेत. एक तुटली तर एकाहत्तर राहतील. कामून घाबरतो?"

वर्षभर हाच वाद. शेवटी सोमनाथ म्हणाला, "बांध बाबा तू, मग बघू." या 'मग बघू'मध्ये काय होतं ते तेव्हा त्याचं त्यालाही नीट ठाऊक नव्हतं. आता आहे. आपण हो म्हटलेलं नाही, एवढी सोय त्यानं स्वतःपुरती राखून ठेवली होती.

भूषणनं रिमा मिळवल्या, पाच बोल्टांवर बसतील असे चाकांच्या मधले हब खरादावर करून घेतले, तारा मापानं कापून त्यांना आटे पाडून घेतले, आणि घरी अंगणात बसून आठ महिने तो ती चार चाकं बांधत राहिला. शेडात येई, पण चाकांविषयी चकार शब्द काढत नसे. विचारलं तर हसायचा.

दिवाळीनंतरच्या रविवारी तो टेम्पो करून आला. बरोबर त्याची मुलगी सुलेखा, पॉलिटेक्निकला शिकवणारी. चाकं जुन्या चादरींत गुंडाळलेली होती. भूषणनं एकेक चादर सोडली आणि चारी चाकं भिंतीला टेकवून उभी केली. पत्र्याच्या फटीतून येणारं ऊन तारांवर पडलं. चतुराबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या, त्या ट्रे हातात धरून तशाच बघत राहिल्या. "भाऊजी, हे तुम्ही केलं?" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. सुलेखानं मोबाइल काढून फोटो घेतला. भूषण इस्त्रीचा नवा शर्ट घालून आला होता, साठी उलटलेला माणूस पोरासारखा लाजत होता.

आणि आमच्या सोमनाथरावांनी काय केलं? कपाटातून डायल काढला.

याचं नवल तिथं कुणाला वाटलं नाही. भूषणला तर मुळीच नाही. त्यानंच पुढं होऊन पहिलं चाक गाडीच्या आसावर चढवलं, बोल्ट आवळले, हात पुसत मागं सरला. सोमनाथनं स्टँड लावला, काटा शून्यावर आणला आणि चाक हळूहळू फिरवलं. पाऊण मिलिमीटरच्या आत. दुसरं, तेवढंच. तिसरं त्याहून कमी. अंगणात बसून, खडू धरून हातानं बांधलेली चाकं! सोमनाथनं मनातल्या मनात टोपी काढली. मनातल्या मनातच, तोंडानं काही बोलला नाही. तपासणी पूर्ण होईस्तोवर बोलायचं नाही, ही त्याची सव्वीस वर्षांची सवय होती.

चौथं चाक एक पॉइंट चार निघालं.

हद्द एक मिलिमीटरची होती. ही हद्द कुणी घातली, तर सोमनाथनं. कुठल्या पुस्तकात बघून, तर कुठल्याच नाही. आठ महिन्यांपूर्वी वहीत त्यानं एक आकडा लिहून ठेवला होता, गोल आणि सोपा. त्यानं चाक पुन्हा फिरवलं. एक पॉइंट चार. मग उठला, खोका उघडला. निवृत्त होताना टॅगचं एक उरलेलं बंडल घरी आणलं होतं, त्यातला एक काढला, त्यावर आकडा लिहिला, तारीख घातली आणि सुतळीनं चाकाच्या तारेला बांधला. लाल.

बांधताना त्याच्या मनात नक्की काय होतं? हा प्रश्न त्यानं पुढं स्वतःला कितीदा विचारला त्याला मोजमाप नाही. सवय होती, हे खरं. हात आपोआप गेला, हेही खरं. चार तारा इकडंतिकडं कसल्या असत्या तर दहा मिनिटांत तो आऊट निघाला असता, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण आत कुठंतरी त्याला अलॉयच हवी होती, आणि काट्यानं त्याचं काम सोपं केलं. हे तो आज कबूल करतो. त्या दिवशी केलं असतं तर बरं झालं असतं.

सुलेखानं बापाकडं बघितलं. भूषण पुढं आला, टॅग हातात घेऊन आकडा वाचला. मग खिशाचं पेन काढलं, टॅग उलटा केला आणि मागं सही केली.

"ठीक हाय," तो म्हणाला.

चारी चाकं पुन्हा चादरींत गेली. चहा कुणी घेतला, कुणी तसाच ठेवला. टेम्पो फाट्याकडं वळल्यावर चतुराबाई म्हणाल्या, "उद्या तुम्ही माझ्या भाकरीलाही काटा लावाल." सोमनाथ हसला. आऊट काढायला चाकं घरी नेलीत, पुढच्या रविवारी घेऊन येईल, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली. भूषणला तो ओळखत नव्हता का?

पुढच्या रविवारी भूषण आला नाही. फोन केला तर म्हणाला, "जरा काम हाय." त्याच्या पुढच्या रविवारीही काम होतं. तिसऱ्या रविवारी सोमनाथला राग आला. एका चाकासाठी एवढं? कारखान्यात शेकडो पीस नापास केले, कधी तोंड वाकडं केलं नाही, आणि आता? जानेवारीचा मेळावा तोंडावर आला होता. अपेक्षानं फोनवर दुकानाचा पत्ता दिला. सोमनाथनं जाऊन अलॉय आणली आणि एका दुपारी एकट्यानं बसवली. बसवल्यावर चार पावलं मागं जाऊन बघितलं. वाईट दिसत नव्हती. भिंतीवरच्या चित्राकडं मात्र त्यानं बघितलं नाही.

मग त्याचं मन लागेना. शेवटी एका सकाळी स्कूटर काढून तो भावसिंगपुऱ्याला गेला. मनात वाक्यं जुळवून गेला होता. चल, आता पुरे झालं, तुझी चाकं दे, अलॉय काढून टाकतो. खरं तर एवढं बोलायची त्याची तयारी झाली होती, आणि ही त्याच्या मानानं फार मोठी गोष्ट होती.

अंगणाचं फाटक ढकललं आणि तो तिथंच थांबला. भिंतीशी चार रिमा एकावर एक रचून ठेवल्या होत्या. शेजारी चार हब. आणि एका पत्र्याच्या घमेल्यात तारा, सगळ्या मधोमध कापलेल्या.

सुलेखा पायरीवर वह्या तपासत बसली होती. ती उठली. "या काका."

"हे कुणी केलं?"

"बाबांनी. त्याच दिवशी, घरी आल्या आल्या."

"आगं, पण तीन चाकं पास होती! एकाचाच..."

"मीही तेच म्हटलं त्यांना. तर म्हणाले, सेट होता. एक पीस गेला की सेट गेला. आणि टॅग लागल्यावर ठेवायचा नसतो, हा सोमाकाकाचाच नियम आहे." ती सावकाश बोलत होती, वर्गात बोलत असेल तशी. "काका, चौथं चाक बांधायला त्यांना तीन महिने लागले. तीन चाकं झाली आणि डाव्या हाताची बोटं बधिर व्हायला लागली. शुगरमुळं. तारेचा ताण बोटांना कळेना. मी म्हटलं, राहू द्या, सोमाकाकाला सांगा. तर नाही म्हणाले. तुम्ही स्वतः बघून हो म्हणावं, असं त्यांना वाटत होतं. डॉक्टर म्हणतात, आहे तेवढं टिकलं तरी खूप झालं."

सोमनाथनं घमेल्याकडं बघितलं. आपली बाजू मांडायची म्हणून तो म्हणाला, "मी अलॉय बसवली गं. मेळावा जवळ आला ना."

"हो का. किती आऊट आहे त्यांचा?"

सोमनाथनं भिंतीशी रचलेल्या रिमांकडं नजर वळवली.

"डायल लावला असेल ना त्यांना?"

लावला नव्हता. दुकानातून आणली, खोक्यातून काढली, बसवली. डायल कपाटात होता, हात लांब केला असता तर मिळाला असता. त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. सुलेखानं उत्तराची वाट बघितली नाही, ती चहा ठेवायला आत गेली.

भूषण आतून आला. दाढी केलेली, चेहऱ्यावर राग नाही. त्यानं खुर्ची पुढं केली, अपेक्षा कशी आहे ते विचारलं, चतुरावहिनींचा गुडघा कसा आहे ते विचारलं. सोमनाथ बसला नाही.

"भूषणा, चुकलो मी. हात जोडतो."

"आरं, कशापायी? एक पॉइंट चार होता. तू खोटं थोडंच लिहिलं?"

"दहा मिनिटांचं काम होतं रे. तू म्हणायचं, दे इकडं, काढतो. मी नाय म्हणलो असतो का?"

भूषण थोडा वेळ आपल्या डाव्या हाताकडं बघत राहिला. मग बोलला, आणि बोलताना आवाज चढवला नाही.

"सोमा, कारखान्यात तू सगळ्यांच्या पीसला एकदा डायल लावायचा आन् माझ्या पीसला दोनदा. तुला वाटायचं मला कळत नाय. तुझी न् माझी दोस्ती हाय, म्हणून खरातचे पीस पास होतात, असं कुणी म्हणू नये, यासाठी तू ते करायचा. तुझं नाव साफ राहिलं. मला लई वेळा वाईट वाटलं, पर मी म्हणलं, जाऊ दे, नोकरी हाय, साहेबलोक बघत्यात. त्याला तरी काय करता येईल? पर शेडात कोण बघत होतं रं? तिथं तर आपण दोघंच होतो. मला वाटलं होतं, तिथं तरी तू माझा तपासनीस नाय."

सोमनाथनं पुढं केलेली खुर्ची ओढली आणि बसला. दोनदा डायल लावायचा, हे खरं होतं. पहिल्याच वर्षी डब्याच्या सुट्टीत कुणीतरी काहीतरी बोललं होतं, आणि तेव्हापासून त्यानं हा शिरस्ता ठेवला होता. इतकी वर्षं त्याला तो आपला प्रामाणिकपणा वाटत आला होता. घरी बायकोला सांगायचा, दोस्तालासुद्धा सोडत नाही म्हणून. त्या प्रामाणिकपणाचा खर्च भूषणच्या खात्यातून चालला होता, हे त्याला कधी दिसलंच नाही. आता दिसलं.

चहा आला. दोघांनी घेतला. कपबशी खाली ठेवून सोमनाथनं विचारलं, "शेडात येशील ना?"

"येईन की," भूषण म्हणाला. "तू बोलव, मी येतो."

सोमनाथनं बोलावलं. पुढच्याच रविवारचं बोलावणं केलं, दोन दिवस आधी फोन करून. मनातून त्याला वाटत होतं, एकदा आला, हातात पाना घेतला, की सगळं जागेवर येईल. सकाळी लवकर उठून तो शेडात गेला. शेड त्यालाच उघडावं लागलं, चहाचं आधणही त्यालाच ठेवावं लागलं.

भूषण दहाला आला. शर्टाला इस्त्री होती, हातात चतुराबाईंसाठी फरसाणाचा पुडा होता. फाटकाशी मोपेड लावून तो उभा राहिला आणि आतून "ये ये" ऐकू आल्यावर आत आला. सोमनाथनं खुर्ची पुसून दिली, तिच्यावर भूषण बसला. गाडीभोवती एक चक्कर मारून आला आणि म्हणाला, "चांगली दिसत्यात चाकं." टोमणा नव्हता त्यात. टोमणा असता तर सोमनाथला किती बरं वाटलं असतं!

थोड्या वेळानं सोमनाथ गाडीत बसला आणि स्टेअरिंग पूर्ण डावीकडं फिरवलं. समोरचं टायर मडगार्डला घासून करकरलं. भूषणनं ऐकलं. सोमनाथनं त्याच्याकडं बघितलं. असला आवाज आला, की एरवी हा माणूस हातातला घास टाकून गाडीखाली शिरायचा.

"घासतंय का रं?" सोमनाथनं विचारलं.

"तू बघ," भूषण म्हणाला. "तुला त्यातलं कळतं."

सोमनाथ उतरला, गुडघ्यावर बसून टायरपाशी वाकला, उगाच चाचपत राहिला. पाना भूषणच्या पायाशीच पडला होता. भूषणनं पाय जरा बाजूला घेतला, म्हणजे सोमनाथला तो उचलता यावा.

चतुराबाईंनी जेवायला थांबायचा आग्रह केला. भूषण म्हणाला, "नाय वहिनी, सुलेखा वाट बघत असंल." चहा पिऊन झाला होता. तो उठला, खुर्ची होती तिथं भिंतीला लावून ठेवली आणि म्हणाला, "येऊ का मग, सोमनाथराव?"

सोमनाथ त्याला सोडायला फाटकापर्यंत गेला. नऊ वर्षांत पहिल्यांदा.